धार्मिक भावना दुखावणाऱ्या निदर्शनांना कायद्याने संरक्षण द्यावे का?

अनघा_खारघर

नवी मुंबईतल्या आमच्या खारघर उपनगरातल्या एका मैदानावर नुकताच तीन दिवसांचा धार्मिक कार्यक्रम झाला. शेवटच्या संध्याकाळी समोरच्या पदपथावर चार-पाच तरुण हातात फलक धरून उभे राहिले. त्यांनी घोषणा दिल्या नाहीत, त्यांच्याकडे ध्वनिक्षेपक नव्हता आणि रस्ताही अडलेला नव्हता. फलकांवरचा मजकूर मात्र जहाल होता. मैदानातल्या लोकांच्या श्रद्धास्थानाला त्यात 'भोंदू' म्हटले होते आणि त्यांच्या ग्रंथाला 'थापांचे बाड'. थोड्याच वेळात गर्दी जमली, कोणीतरी एक फलक हिसकावून फाडला, आणि पोलिसांनी येऊन त्या तरुणांनाच गाडीत बसवले. रात्री उशिरा त्यांना सोडण्यात आले. फलक फाडणाऱ्याला कोणी नावही विचारले नाही.

कार्यक्रम कोणत्या धर्माचा होता आणि ते तरुण कोणत्या धर्माचे होते, हे मी मुद्दाम लिहीत नाही.

या प्रकारावरून अमेरिकेतला स्नायडर विरुद्ध फेल्प्स हा खटला पुन्हा वाचला. कॅन्सस राज्यातल्या टोपेका येथील वेस्टबोरो बाप्टिस्ट चर्चची माणसे सैनिकांच्या अंत्यविधीच्या वेळी निदर्शने करत असत. अमेरिका समलैंगिकतेला थारा देते म्हणून देव तिचे सैनिक मारून तिला शिक्षा करतो, अशी त्यांची शिकवण. इराकमध्ये मरण पावलेल्या मॅथ्यू स्नायडर या तरुण सैनिकाच्या अंत्यविधीच्या दिवशी, मार्च २००६ मध्ये, ही मंडळी मेरीलँडमधल्या वेस्टमिन्स्टर गावी 'मेलेल्या सैनिकांबद्दल देवाचे आभार' असे फलक घेऊन उभी राहिली. वडिलांनी दावा लावला. ज्यूरीने १ कोटी ९ लाख डॉलरची भरपाई दिली, न्यायाधीशांनी ती ५० लाखांवर आणली, अपील न्यायालयाने ती पूर्ण रद्द केली, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ अशा बहुमताने चर्चच्या बाजूने निकाल दिला.

असा निकाल आपल्याकडे लागावा असे तुम्हाला वाटते का? आणि आमच्याकडे पोलिसांनी जे केले ते योग्य होते का?

खडूस_कळवेकर

आधी धर्म कोणता ते सांगा. त्याशिवाय माझ्या भावना दुखवून घ्यायच्या की त्या मुलांचे स्वातंत्र्य जपायचे, हे मला ठरवता येत नाही.

चरईकर

कळवेकरांचा विनोद बाजूला ठेवून गंभीरपणे लिहितो. मी त्या एकट्या न्यायमूर्तींच्या बाजूचा आहे. सॅम्युअल अलिटो यांच्या भिन्नमताचा गाभा असा, की हेच मत मांडायला त्या चर्चला देशभरातले रस्ते, उद्याने आणि प्रसारमाध्यमे मोकळी होती, तेव्हा मुलाला निरोप देणाऱ्या एका खासगी माणसावर त्याच क्षणी घाव घालण्याची मुभा त्यांना असण्याचे कारण नाही. ते तिथेच गेले, कारण तिथे गेल्याशिवाय कॅमेरे येत नाहीत. दुसऱ्याच्या दुःखाला त्यांनी व्यासपीठ केले.

माझ्या वडिलांचे अंत्यसंस्कार ठाण्यातल्या जवाहरबाग स्मशानभूमीत चालू असताना बाहेरच्या रस्त्याने एक मिरवणूक गेली. कोणाचाही वाईट हेतू नव्हता, आत काय चालले आहे याची त्यांना कल्पनाही नसावी. पण गुरुजींचे ओठ तेवढे हलताना दिसत होते, ताशाशिवाय काही ऐकू येत नव्हते, आणि मडके घेऊन फिरताना कुठे थांबायचे हे त्यांनी मला हाताने खुणावून सांगितले. हा नकळत झालेला त्रास मी आजही विसरू शकलेलो नाही. तोच कोणी ठरवून, फलक रंगवून, माझ्या वडिलांचे नाव घेऊन दिला असता तर मी संविधानाचा अनुच्छेद उघडून बसलो नसतो. हे काही माझ्या कौतुकाचे नाही, पण कायदा माणसांसाठी करायचा असेल तर माणूस असाच असतो, हे धरून तो करावा लागेल.

कोर्टनाका

चरईकर, आपल्या भावनेविषयी वाद नाही, परंतु त्या खटल्यातले तपशील निकालाइतकेच महत्त्वाचे आहेत. निदर्शक सात होते. ते अंत्यविधी असलेल्या चर्चपासून सुमारे १००० फुटांवर, सार्वजनिक जागेत, पोलिसांना आधी कळवून आणि पोलिसांनी दाखवलेल्या ठिकाणी उभे होते. अंत्यविधी सुरू होण्यापूर्वी त्यांनी निदर्शने आटोपली. वडिलांना जाताना फलकांची फक्त वरची टोके दिसली; त्यांवर काय लिहिले होते हे त्यांना नंतर दूरचित्रवाणीवरच्या बातम्यांतून कळले. मुख्य न्यायमूर्ती जॉन रॉबर्ट्स यांनी बहुमताचा निकाल लिहिताना याच गोष्टींवर भर दिला, आणि अंत्यविधीजवळच्या निदर्शनांवर वेळेचे आणि अंतराचे निर्बंध घालणारे कायदे तोपर्यंत मेरीलँडसह ४४ राज्यांत झाले आहेत, हेही नोंदवले. पुढे २०१२ मध्ये तिथल्या संसदेने सैनिकांच्या अंत्यविधीच्या दोन तास आधीपासून दोन तास नंतरपर्यंत जवळपास निदर्शने करण्यावर बंदी घातली. म्हणजे मजकुराला हात न लावता बापाला संरक्षण देता येते.

आपल्याकडे याची तरतूद आधीपासूनच आहे. अंत्यविधीसाठी जमलेल्यांना, भावना दुखावण्याच्या हेतूने, व्यत्यय आणणे हा दंड संहितेच्या कलम २९७ खाली गुन्हा होता. भारतीय न्याय संहितेत तेच कलम ३०१ आहे. धार्मिक सभेत व्यत्यय आणण्यासाठी कलम ३०० वेगळे आहे. अनघाताईंनी सांगितलेल्या प्रसंगात मैदानातला कार्यक्रम क्षणभरही थांबला होता का?

अनघा_खारघर

थांबला नव्हता. आतल्या बहुतेकांना बाहेर काय झाले ते घरी जाताना कळले.

तळ्याकाठी

मग हा प्रश्न आपण ठाणेकरांनी दुसऱ्या वाटेने एकदा सोडवलेला आहे. रस्त्यावरचे मंडप आणि ध्वनिक्षेपक यांविरुद्ध ठाण्यातल्याच एका डॉक्टरांनी जनहित याचिका केली होती आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यावर सविस्तर निकाल दिला. त्या वेळी 'हा आमच्या धर्मावर घाला आहे' असे सर्वच बाजूंनी ऐकू आले. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम मात्र निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल एवढेच सांगतात. आरती चालू आहे, अजान चालू आहे, की शिवीगाळ, हे मीटरला कळत नाही, आणि ते कळत नाही हेच त्याचे मोठेपण आहे. निदर्शनांचे नियमही असेच आंधळे असावेत: किती दूर, किती वाजता, किती माणसे, किती आवाज. फलकावर काय लिहिले आहे, हे वाचणे पोलिसांचे कामच नसावे.

(नियम कागदावर आंधळे असले तरी गणपतीच्या दिवसांत मीटर धरणारा शिपाई आंधळा नसतो, पण तो वेगळा धागा होईल.)

बेलापूरची_मावशी

तळ्याकाठी यांना एक प्रश्न. माझ्या घरासमोर रोज संध्याकाळी कोणी माझ्या देवाला शिव्या देणारा फलक घेऊन, नियमात सांगितलेल्या अंतरावर, अगदी शांतपणे उभा राहिला, तर मी काय करायचे? पडदे लावून बसायचे?

तळ्याकाठी

मावशी, घराची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेतल्याच न्यायालयाने १९८८ मध्ये एका विशिष्ट घरासमोर ठाण मांडून केलेल्या निदर्शनांवरची बंदी वैध ठरवली होती, कारण घरातला माणूस उठून दुसरीकडे जाऊ शकत नाही. मैदानातला माणूस मान वळवू शकतो.

पारसिक_वारा

आतापर्यंतची चर्चा जणू निदर्शक हा नेहमीच विकृत आणि श्रोता हा नेहमीच पीडित असतो, अशा गृहीतकावर चालली आहे. म्हणून दोन तारखा शेजारी ठेवतो.

लाहोरमध्ये प्रेषितांविषयी एक निंदात्मक पुस्तिका निघाली. तेव्हाच्या कलमांत हा गुन्हा बसत नाही म्हणून उच्च न्यायालयाने प्रकाशकाला सोडले, त्यावरून मोठी खळबळ झाली आणि ती शमवण्यासाठी दंड संहितेत धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावण्याविरुद्धचे कलम २९५अ घालण्यात आले. ते साल १९२७, महिना सप्टेंबर. त्यानंतर तीनच महिन्यांनी, २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. परिषदेला जागा द्यायला गावात कोणी तयार होईना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली. चवदार तळ्याचे पाणी घेण्याविरुद्ध विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम आणला होता, त्यामुळे पाण्याचा सत्याग्रह स्थगित करावा लागला. तळ्यावरचा हक्क उच्च न्यायालयात मान्य व्हायला १९३७ साल उजाडले. खारघरची मंडळी ज्या रायगड जिल्ह्यात राहतात, त्याच जिल्ह्यातली ही घटना आहे.

आता मला सांगावे, की ते दहन सनातनी मनाला दुखावणारे नव्हते काय? होतेच. ते अनवधानाने झाले होते काय? मुळीच नाही; वेदी रचून, ठराव करून, सर्वांसमक्ष झाले. दुखावले जाणे हा त्या कृतीचा अपघाती परिणाम नव्हता, तो तिचा आशय होता, कारण जो ग्रंथ माणसाला माणूस मानत नाही त्याच्याविषयी सौम्य शब्दांत नापसंती व्यक्त करून काही हलणार नव्हते. ज्याच्या हातात सत्ता, पैसा आणि छापखाना आहे त्याला सभ्य भाषा परवडते. 'दुखावले की बंद' असा नियम केला, तर त्याखाली पहिल्यांदा कोण भरडले जाईल याचा विचार महाराष्ट्रात तरी व्हायला हवा.

सई_नौपाडा

पारसिक_वारा, संपूर्ण सहमत.

येऊरकर

मी अर्धाच सहमत आहे. महाडला जाळणारे लोक त्या ग्रंथाच्या नावाखाली पिढ्यान्‌पिढ्या चिरडले गेले होते. बलिष्ठ समूह एखाद्या लहान, आधीच भेदरलेल्या समूहाच्या वस्तीत जाऊन त्यांच्या ग्रंथाची विटंबना करतो, तेव्हा बाहेरून कृती तीच दिसते, पण तिचा अर्थ 'तुम्ही येथून चालते व्हा' असा असतो. दोन्हींना एकाच मापाने मोजणारा कायदा मला तटस्थ वाटत नाही, आळशी वाटतो.

डेन्मार्ककडे पाहावे. त्या देशाने २०१७ मध्ये ईशनिंदेचा जुना कायदा रद्द केला. नंतर कुराण जाळण्याचे प्रकार वाढले आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये त्याच संसदेला धर्मग्रंथांच्या जाहीर विटंबनेविरुद्ध नवा कायदा करावा लागला.

पारसिक_वारा

येऊरकर, बलिष्ठ कोण हे ठरवणार कोण? ते ठरवण्याचा अधिकार तुम्ही ज्यांच्या हाती देता, ते सहसा बलिष्ठांचेच नोकर असतात. १९२७ च्या महाडमध्ये कचेरीत जाऊन 'शांततेला धोका आहे' असे सांगण्याची ऐपत कोणाकडे होती, हे उघड आहे. डेन्मार्कचा कायदाही पीडितांविषयीच्या कळवळ्यापेक्षा परराष्ट्रसंबंध आणि सुरक्षेच्या चिंतेतून आला.

येऊरकर

तो धोका मला मान्य आहे. तरीही देवाची किंवा ग्रंथाची निंदा आणि माणसांविरुद्धची चिथावणी यांत फरक करता येतो, एवढेच मी म्हणतो. 'तुमचा ग्रंथ खोटा' हे सहन करावे. 'यांच्या दुकानातून काही घेऊ नका, यांना सोसायटीत घर देऊ नका' हे सहन करू नये. गंमत अशी, की आपल्याकडे पहिल्यावर तत्परतेने कारवाई होते आणि दुसरे सोसायटीच्या व्हॉट्सॲप समूहावर सुविचारांच्या मधोमध निवांत नांदते.

वाशीपूल

या निमित्ताने पालघरची आठवण करून द्यावीशी वाटते, जे तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या फक्त पसंत केल्या, आणि दोघींना अटक झाली. जमावाने त्यांपैकी एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड केली. त्या प्रकरणातून पुढे श्रेया सिंघल यांची याचिका उभी राहिली आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातले, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला गुन्हा ठरवणारे ६६अ कलम रद्द केले. विषय धर्माचा नव्हता, परंतु अनघाताईंच्या प्रसंगाशी साम्य पाहावे: शब्द लिहिणारा आधी ताब्यात जातो, हात उगारणारा नंतर.

संपादक_मंडळ

या धाग्यावरचे दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. त्यांत मताऐवजी सदस्यांच्या जातीचा उल्लेख होता.

खडूस_कळवेकर

संपादकांनी मजकूर पाहून निर्णय घेतला. तळ्याकाठी यांनी मीटर घेऊन धावावे.

तळ्याकाठी

संकेतस्थळ संपादकांच्या मालकीचे आहे, पदपथ पोलिसांच्या मालकीचा नाही.

कोर्टनाका

वाशीपूल यांनी दाखवलेले साम्य हाच कायद्यातला जुना कूटप्रश्न आहे. इंग्लंडमध्ये मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) या ख्रिस्ती संघटनेच्या मिरवणुकांना विरोध करण्यासाठी 'स्केलेटन आर्मी' नावाची टोळी उभी राहिली होती आणि वेस्टन-सुपर-मेअर येथे दोघांची गाठ पडली की मारामाऱ्या होत. दंडाधिकाऱ्यांनी मुक्तिफौजेच्याच लोकांना दोषी धरले. १८८२ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि सांगितले, की कायदेशीर कृत्य करणारा माणूस, दुसरा त्यावर बेकायदा वागेल हे त्याला ठाऊक असले तरी, त्यामुळे गुन्हेगार ठरत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या रंगराजन निकालात याच दिशेने पाऊल टाकले: निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीमुळे अभिव्यक्ती दाबणे म्हणजे दहशतीपुढे शरणागती होय.

असे असूनही आपण अमेरिकेत नाही. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर कोणत्या कारणांनी निर्बंध घालता येतात हे सांगणाऱ्या संविधानाच्या अनुच्छेद १९(२) मध्ये 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे शब्द १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आले, आणि १९५७ मध्ये 'गोरक्षक' मासिकाचे संपादक रामजीलाल मोदी यांच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींनी २९५अ वैध ठरवले. त्याच निकालात ते अरुंदही केले. अनवधानाने, बेफिकिरीने किंवा दुष्ट हेतूवाचून झालेला अपमान त्यात बसत नाही. तो जाणूनबुजून आणि द्वेषबुद्धीने केलेला असावा लागतो. महेंद्रसिंह धोनी यांना एका मासिकाच्या मुखपृष्ठावर विष्णूच्या रूपात दाखवले म्हणून झालेली तक्रार २०१७ मध्ये याच कसोटीवर रद्द झाली. आता न्याय संहितेत तेच, म्हणजे २९५अ, कलम २९९ आहे: दखलपात्र, अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. मात्र शासनाची पूर्वमंजुरी असल्याशिवाय न्यायालय त्याची दखल घेऊ शकत नाही.

अनघा_खारघर

सर्वांचे आभार. धर्म कोणता, हे विचारणारे बरेच व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले आहेत. त्यांना येथेच एकत्रित नकार देते. त्यांपैकी काहींनी आधी आपले मत कळवले होते आणि शेवटी 'फक्त तेवढे सांगा म्हणजे मत नक्की करतो' असे लिहिले होते.

कोर्टनाका, पोलिसांनी केले ते योग्य होते का, हे राहिले. त्या मुलांना पुन्हा उभे राहायचे आहे.

कोर्टनाका

एक प्रश्न आधी विचारतो. ते चार होते की पाच?

विचारण्याचे कारण असे, की ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही आयुक्तालयांत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचे मनाई आदेश वरचेवर निघतात आणि त्यांत पाच किंवा अधिक व्यक्तींना एकत्र येण्यास मनाई असते. बहुतेकांना आदेश लागू असल्याचा पत्ताही नसतो. पाच असतील तर पोलिसांना फलक वाचण्याची गरजच नव्हती.

चार असतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे प्रतिबंधात्मक अटकेचे कलम १७० पाहावे लागेल, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे १५१. त्याखाली ज्याला पकडायचे त्याचाच दखलपात्र गुन्ह्याचा बेत असावा लागतो. समोरचा त्याला मारील म्हणून त्याला पकडणे त्यात बसत नाही; पोलीस अर्थातच 'कलम २९९ चा बेत होता' असे म्हणतील. फलक फाडणाऱ्याविरुद्ध मात्र तक्रार करता येते आणि ती करावी.

अनघा_खारघर

फलक धरलेले चार होते. पाचवा रस्त्यापलीकडून चित्रीकरण करत होता, त्यालाही नेले.

कोर्टनाका

मग चित्रीकरण जपून ठेवण्यास सांगा. पुढच्या वेळी स्थानिक पोलीस ठाण्यात आठवडाभर आधी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. जागा, वेळ, चार नावे आणि 'ध्वनिक्षेपक नाही' एवढे लिहावे. फलकांचा मजकूर मागितला जाईल. एका कामगार संघटनेच्या अर्जाच्या वेळी आमच्याकडेही तोंडी मागितला होता. आम्ही लेखी मागणी करण्याची विनंती केली, ती आजतागायत आलेली नाही.

चरईकर

अर्ज द्यावा, पोलिसांनी परवानगीही द्यावी. माझे मत बदललेले नाही, पण मैदान म्हणजे स्मशान नव्हे, हे मान्य आहे. फक्त कार्यक्रमाच्या फाटकासमोर उभे राहू नये. त्या अमेरिकनांना १००० फूट चालले, तर आपल्या मुलांनाही चालावे.

अनघा_खारघर

१००० फुटांवर आमच्याकडे रेल्वे स्थानकाकडे जाणारा रस्ता लागतो. संध्याकाळी सातनंतर मैदानातल्यापेक्षा तिथेच जास्त माणसे असतात. मुलांना कळवते, त्यांची हरकत असेल असे वाटत नाही.